सात विशेषणांची कोल्हापुरी

२०२४ च्या नोव्हेंबरात मी एका संकेतस्थळावरून कोल्हापुरी चपलांचा एक जोड मागवला आणि गेले पंधरा महिने, पावसाळ्याचे दिवस वगळता, तो जवळजवळ रोज वापरला. जोडाची किंमत १,९५० रुपये होती. संकेतस्थळावरील त्याचे वर्णन इंग्रजीत होते आणि त्या एका परिच्छेदात चपलेच्या टिकाऊपणाविषयी सात विशेषणे आली होती : ड्युरेबल, स्टर्डी, लाँग-लास्टिंग, एव्हरलास्टिंग, टाइमलेस, सस्टेनेबल आणि लाइफटाइम. अशा वर्णनांचे मराठीत भाषांतर करणे हा माझ्या उपजीविकेचा एक भाग असल्यामुळे माझे लक्ष चपलेच्या छायाचित्रांआधी या सात शब्दांकडे गेले. चपलेचे परीक्षण लिहिताना तेच सात शब्द मोजपट्टी म्हणून वापरावेत, असे मी खरेदीच्या दिवशीच ठरवले होते. फक्त त्यासाठी चप्पल पुरेशी झिजेपर्यंत थांबणे भाग होते.

प्रथम वस्तूविषयी. जोड पारंपरिक घडणीचा आहे. अंगठा, पट्टा, दोन्ही बाजूंचे कान, पट्ट्यावर बारीक वेणी आणि मधोमध लाल गोंडा. तळ म्हशीच्या कातड्याच्या थरांचा आहे आणि थर कातड्याच्या वादीने एकमेकांना शिवलेले आहेत; खिळा कोठेही नाही. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावलेले आहे, असे विक्रेत्याने लिहिले होते आणि रंग, वास व ताठपणा पाहता त्यावर शंका घेण्याचे मला कारण दिसले नाही. झाडांच्या सालींमधील आणि फळांमधील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील तंतूंना बांधून ठेवते, म्हणून कातडे कुजत नाही आणि घट्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत रूढ झाली. तिने काम झपाट्याने उरकते आणि कातडे मऊ निघते. सालीच्या पद्धतीला काही आठवडे लागतात, पण तळव्याखाली जो ताठपणा हवा असतो तो तीच देते. (इंग्रजीत या क्रियेला टॅनिंग म्हणतात, म्हणजे ते नाव मुळात ओक झाडाच्या सालीवरून पडले आहे, आपण मात्र शरीर कमवावे तसे कातडे ‘कमावतो’, आणि मला आपला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.)

त्या संकेतस्थळावर भाषा बदलण्याची सोय आहे. कुतूहल म्हणून मी मराठीचे बटण दाबले, तेव्हा पडद्यावर जे उमटले ते असे : ही चप्पल टिकाऊ, मजबूत, दीर्घकाळ टिकणारी, चिरकाल टिकणारी, कालातीत, शाश्वत आणि आजीवन आहे. एवढे गुण आपल्याकडे साधारणतः परमेश्वराच्या ठायी कल्पिले जातात. भाषांतर यंत्राने केले असावे, हे उघड आहे. परंतु दोष सगळा यंत्राचा नाही. मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यानेच हे शब्द एकाच अर्थाचे समजून, जितके अधिक तितके बरे अशा हिशेबाने ओळीत बसवले होते. ते एकाच अर्थाचे नाहीत. वस्तू पुष्कळ काळ टिकते असे सांगणारे प्रत्येक इंग्रजी विशेषण, ती कशापुढे टिकते, हेही गुपचूप सांगत असते. एक शब्द झिजेविषयी बोलतो, दुसरा धक्क्याविषयी, तिसरा रुचीतील बदलाविषयी, चौथा विस्मरणाविषयी. म्हणून ‘ही टिकाऊ आहे का’ असे न विचारता ‘ही कशापुढे टिकली’ असे विचारत मी या सातही शब्दांची परीक्षा घेतली.

ड्युरेबल या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ड्यूरारे हे क्रियापद आहे आणि त्याच घराण्यात ड्यूरस, म्हणजे कठीण, हा शब्द बसतो. सोसणे या अर्थाचे एंड्युअर आणि पाषाणहृदयी या अर्थाचे ऑब्ड्युरेट हेही त्याच कुळातले. तेव्हा ड्युरेबल वस्तू म्हणजे जी कठीण राहून वापर सोसते ती. हा शब्द यंत्रांना, फर्निचरला, छपराला आणि कापडाला शोभतो. माणसाला किंवा मैत्रीला तो लावला तर कानाला खटकतो, तेथे एंड्युअरिंग हवे. अर्थशास्त्राने या शब्दाला आणखी काटेकोर केले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ड्युरेबल वस्तू म्हणजे सरासरी किमान ३ वर्षे उपयोगी पडणारी वस्तू. संयुक्त राष्ट्रांच्या उपभोगखर्चाच्या वर्गीकरणात तर ड्युरेबल आणि नॉन-ड्युरेबल यांच्या मध्ये सेमी-ड्युरेबल असा एक वर्ग आहे, आणि कपड्यांबरोबर पादत्राणे त्याच वर्गात टाकलेली आहेत. जगभरचे संख्याशास्त्रज्ञ पादत्राणाला अर्धेच टिकाऊ मानत असतील, तर माझ्या विक्रेत्याने पूर्ण शब्द वापरताना थोडा संकोच बाळगायला हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या दिवशी मी टाचेखालच्या तळाची जाडी मोजली, ती १४ मिलिमीटर भरली. आज उजव्या पायाची ११ आणि डाव्या पायाची १२ आहे. मी रोज साधारण तीन किलोमीटर चालते, त्यातले बरेचसे अंतर सिमेंटच्या रस्त्यावर. या गतीने तळाच्या बाबतीत चप्पल तीन वर्षांची सीमा ओलांडेल असे दिसते. म्हणून ड्युरेबल या पहिल्या शब्दाला मी पूर्ण नाही, पण उत्तीर्ण होण्यापुरते गुण देते, आणि त्यात काही वाटा माझ्या तेल लावण्याचा आहे हेही नमूद करते.

मात्र या चपलेसाठी खरा शब्द त्या परिच्छेदात नव्हताच. तो आहे हार्ड-वेअरिंग. ब्रिटिश इंग्रजीत बूट, गालिचे, शाळेच्या गणवेशाचे कापड अशा, अंगाखांद्यावर आणि पायाखाली सतत रगडल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी हा शब्द योजतात. अमेरिकेत त्याच अर्थाने लाँग-वेअरिंग म्हणतात. या शब्दातील वेअर हे क्रियापद मला इंग्रजीतील अत्यंत सूज्ञ क्रियापदांपैकी एक वाटते, कारण त्याचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : अंगावर धारण करणे आणि झिजवणे. मुळात त्याचा अर्थ वस्त्र नेसणे एवढाच होता. नेसून नेसून वस्त्राचे जे होते ते दुसऱ्या अर्थाने पुढे त्यात आले. जी वस्तू वापरली जाते ती झिजते, आणि वापर व झीज यांत फरक करण्याची इंग्रजीला या एका ठिकाणी गरज भासली नाही. मराठीत आपण घालणे आणि झिजणे वेगळे ठेवले, पण चपलेच्या बाबतीत आपणही फार मागे नाही. एखाद्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातले की आपण ‘चपला झिजवल्या’ असे म्हणतो. म्हणजे माणसाची चिकाटी मोजण्याचे आपले माप चपलेचा तळ हे आहे. हार्ड-वेअरिंग या शब्दाचे मराठी मी ‘झिजेला पुरून उरणारी’ असे करीन. तीन शब्द लागतात, परंतु त्यातल्या ‘पुरून उरणे’ या प्रयोगात झीज होते हे मान्य केलेले आहे, आणि ‘टिकाऊ’ या शब्दात ते मान्य केलेले नाही.

स्टर्डी या शब्दाविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. हा शब्द धक्का आणि भार यांच्यापुढे न वाकण्याविषयी आहे; टेबलाच्या पायांना, लहान मुलांच्या पिंडऱ्यांना आणि डोंगरात वापरायच्या बुटांना तो लावतात. गंमत एवढीच की जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ भांबावलेला, बेफाम असा होता. बेफाममधून हट्टी आणि हट्टीमधून भक्कम, असा त्याचा प्रवास झाला. त्याचा शेजारी रोबस्ट मात्र प्रथमपासून खानदानी : लॅटिनमध्ये रोबुर म्हणजे ओकचे लाकूड. आपल्याकडे सागाचे जे स्थान तेच तिकडे ओकचे. माझ्या चपलेचा तळ या अर्थाने भक्कम निघाला, पण वरचा भाग नाही. दुसऱ्याच महिन्यात डाव्या पायाच्या अंगठ्याची शिवण उसवली आणि मला रस्त्यातून अनवाणी, एक चप्पल हातात धरून, घरी यावे लागले.

आमच्या चौकातील गटई कामगार काकांना ती दाखवली तेव्हा त्यांनी अंगठा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ताई, तळ चांगल्या हाताचा आहे, पण वरचं काम घाईत झालंय. इथं वादी पाहिजे होती, यांनी दोऱ्यावर भागवलंय.” चाळीस रुपयांत त्यांनी वादीने शिवून दिले. ती शिवण आजतागायत हललेली नाही. ज्या वस्तूचा एक भाग ओकसारखा आणि दुसरा भाग दोऱ्यावर भागवलेला, तिला सरसकट एकच विशेषण लावणे हीच मुळात चूक आहे, आणि ती इंग्रजीत केली तरी चूकच राहते.

लाँग-लास्टिंग हे तिसरे विशेषण मला सर्वांत रंजक वाटते, कारण शब्दाच्या इतिहासात ते चपलेच्या अगदी जवळ येऊन थांबते. लास्ट म्हणजे टिकणे या क्रियापदाचा, लास्ट म्हणजे शेवटचा या विशेषणाशी काही संबंध नाही. शेवटचा या अर्थाचे ते विशेषण लेट या शब्दाचे जुने रूप आहे. टिकणे या अर्थाचा लास्ट प्राचीन इंग्रजीतील अशा शब्दापासून आला आहे ज्याचा अर्थ मागोमाग जाणे, पाळणे असा होता आणि त्याचे नाते पाऊल, पाऊलखूण या अर्थाच्या शब्दाशी आहे. त्याच कुळातून इंग्रजी चर्मकाराच्या हातात असलेला लास्ट, म्हणजे ज्यावर बूट चढवून घडवतात ते पायाच्या आकाराचे लाकूड, आले. आपल्याकडे त्याला कलबूत म्हणतात. म्हणजे इंग्रज माणूस जेव्हा एखादी गोष्ट टिकली असे म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या तरी पावलावर पाऊल ठेवत चालत राहिली, असे त्याची भाषा त्याच्याही नकळत म्हणत असते. हा योगायोग विक्रेत्याला ठाऊक असता तर त्याने एक चांगला परिच्छेद लिहिला असता.

आजच्या वापरात मात्र लास्टिंग आणि लाँग-लास्टिंग या दोघांची वाटणी झालेली आहे, आणि मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारख्यांची येथे हमखास गफलत होते. लास्टिंग हे परिणामासाठी : लास्टिंग पीस, लास्टिंग इम्प्रेशन, म्हणजे ठसा किंवा शांतता. लाँग-लास्टिंग हे प्रामुख्याने हळूहळू ओसरणाऱ्या गुणासाठी : बॅटरी, लिपस्टिक, सुगंध, वेदनाशामकाचा असर. आणि दीर्घायुषी जिवंत प्राण्यासाठी लाँग-लिव्हड; कासवाला लाँग-लास्टिंग म्हणता येत नाही, ते सेलवर चालत असल्यासारखे वाटेल. तेव्हा चपलेच्या बाबतीत हा शब्द लावायचा झाला तर तिच्या ओसरणाऱ्या गुणांना लावावा लागेल. ते मी तपासले. गोंड्याचा लाल रंग पहिल्याच उन्हाळ्यात विटकरी झाला. चालताना होणारी करकर, जिच्यावर अनेक कोल्हापुरीप्रेमी जीव टाकतात, तीन महिने टिकली. कमावलेल्या कातड्याचा वास मात्र चप्पल ठेवण्याच्या कपाटातून अजून गेलेला नाही. पण त्यासाठी इंग्रजीत लिंगरिंग हा वेगळा शब्द आहे, ज्यात रेंगाळणाऱ्या पाहुण्याविषयी असते तशी किंचित नाराजी मिसळलेली आहे. टिकून राहणे नेहमीच हवेसे नसते आणि इंग्रजीने नकोशा टिकण्यासाठी स्वतंत्र विशेषणे राखून ठेवली आहेत : जुनाट दुखण्याला क्रॉनिक, न संपणाऱ्या भाषणाला इंटरमिनेबल, न सुटणाऱ्या खोडीला इनव्हेटरेट. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत चप्पल करंगळीला ज्या चिकाटीने चावत होती, तिला मी पर्सिस्टंट म्हणाले असते.

आता एव्हरलास्टिंग. हा शब्द प्रार्थनेत शोभतो आणि बागेत शोभतो. बागेत अशासाठी की सुकल्यानंतरही रंग आणि आकार न सोडणाऱ्या फुलांना इंग्रजीत एव्हरलास्टिंग फ्लॉवर्स म्हणतात. म्हणजे कधीही न संपणारे असे ज्यांचे नाव, ती फुले आधीच मेलेली असतात. चपलेवर हा शब्द चिकटवणाऱ्याने महाराष्ट्रातील जून महिना पाहिलेला नसावा. सालीने कमावलेले कातडे पाणी पिते. भिजले की तळ फुगतो, वाळताना आखडतो आणि थेट उन्हात वाळवला तर तडकतो. मी पावसाळ्यात चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिली होती, तरी त्याआधीच जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वळवाने गाठले. सावलीत चार दिवस वाळवून, एरंडेलाचे बोट फिरवून मी ती वाचवली. परंतु उजव्या तळाच्या कडेला दोन थरांत फट पडली ती पडलीच, आणि ऑगस्टमध्ये कागद उघडून पाहिले तेव्हा कानांवर बुरशीची पांढरी साय होती. ती पुसून निघाली, खूण राहिली.

शून्य गुण.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी. कायमचेपणाचा दावा करणारी इंग्रजी विशेषणे व्यवहारात एवढी शब्दशः घ्यायची नसतात. निवडणुकीत आपल्या बोटाला जी शाई लावतात तिला अधिकृत इंग्रजीत इन्डेलिबल, म्हणजे न पुसता येणारी, असे म्हणतात. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली ही शाई सिल्व्हर नायट्रेटमुळे त्वचेवर पक्की बसते, तरी नख वाढले की काही आठवड्यांत खूण निघून जाते. आणि तेवढा काळ तिला पुरेसा असतो. न पुसता येणारी म्हणजे मतदान संपेपर्यंत न पुसता येणारी. पर्मनंट मार्करचे आणि पर्मनंट नोकरीचेही तसेच. पण या सर्व ठिकाणी वस्तूला एक ठरलेले काम आहे आणि ते काम पुरे होईपर्यंत तिने टिकायचे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. एव्हरलास्टिंग चपलेचे काम कधी पुरे होते हे कोणी सांगितलेले नाही.

टाइमलेस या शब्दाचे मराठी ‘कालातीत’ असे करतात. ते व्याकरणाने बरोबर आहे, पण तत्त्वज्ञानाचा वास त्याला येतो. या विशेषणाचा काळाशी नव्हे तर फॅशनशी संबंध आहे : जे पुढच्या वर्षी जुने वाटणार नाही ते टाइमलेस. वस्तू मोडली, हरवली, झिजून गेली तरी तिचा आकार टाइमलेस राहू शकतो, कारण हा गुण जोडाचा नसून घडणीचा आहे. या कसोटीवर कोल्हापुरीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात, आणि त्यासाठी मला माझ्या शेजारणींचे मत घेण्याची गरज पडली नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने पुरुषांच्या पोशाखाच्या प्रदर्शनात अगदी अशाच चपला मंचावर आणल्या, कोल्हापूरचे नावही घेतले नाही, आणि महाराष्ट्रात गदारोळ उठल्यावर त्यांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. म्हणजे या घडणीवर एका गावाचीही मक्तेदारी नाही, एका राज्याचीही नाही. माझ्या जोडाच्या खोक्यावर तो कोणत्या जिल्ह्यात बनला याचा उल्लेख नव्हता. सात विशेषणांपैकी एक काढून तेथे गावाचे नाव छापले असते तर मला अधिक आवडले असते.

सस्टेनेबलविषयी लिहिताना मला माझ्याच व्यवसायाकडे बोट दाखवावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर सस्टेनेबल डेव्हलपमेंट हा शब्द जगभर पसरला आणि मराठीत त्याचे ‘शाश्वत विकास’ झाले. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. सस्टेनेबलमध्ये मात्र अंत नसल्याचा दावा नाही. पुढच्यांच्या तोंडचा घास न काढता चालू ठेवता येण्याजोगे, एवढाच त्याचा मर्यादित अर्थ आहे. ‘चालवता येण्याजोगे’ याला ‘अविनाशी’ म्हटले की काय होते ते माझ्या चपलेच्या मराठी वर्णनात दिसले. शिवाय सस्टेनेबल हे टिकण्याचे विशेषण असले तरी ते वस्तूच्या टिकण्याविषयी नाहीच. प्लॅस्टिकची पिशवी वस्तू म्हणून भरपूर टिकते आणि म्हणूनच सस्टेनेबल नसते. केळीचे पान दुपारी जेवण संपताच निरुपयोगी होते आणि तरीही त्या अर्थाने उत्तम ठरते. माझी चप्पल झिजून मातीला मिळेल, निदान तिचा पुष्कळसा भाग मिळेल, हा तिचा सस्टेनेबल असण्याचा पुरावा असेल आणि एव्हरलास्टिंग नसण्याचाही. एकाच वाक्यात दोन्ही शब्द लिहिणाऱ्याने त्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली नव्हती.

उरला लाइफटाइम. वर्णनात ‘लाइफटाइम क्वालिटी’ असे लिहिलेले होते आणि हा शब्द वाचताच माझ्या मनात प्रश्न येतो : कोणाचे आयुष्य? गिऱ्हाइकाचे, वस्तूचे की विकणाऱ्याचे? २००५-०६ च्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ जोडण्या विकल्या, तेव्हा त्या शब्दातील आयुष्य कंपनीच्या परवान्याच्या मुदतीएवढे निघाले. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते स्वतःचे समजले होते. इंग्रजीत लाइफलाँग आणि लाइफटाइम यांतही भेद आहे. लाइफलाँग मैत्री किंवा लाइफलाँग सवय ही माणसाच्या आयुष्याला जोडलेली असते, त्यात पळवाट नसते. लाइफटाइम वॉरंटीत बहुधा वस्तूचे अपेक्षित आयुष्य अभिप्रेत असते, म्हणजे वस्तू मोडली की तिचे आयुष्य संपले आणि हमीही संपली, असा सोयीचा अर्थ लावायला जागा राहते. अंगठा उसवला तेव्हा मी विक्रेत्याला या शब्दाची आठवण करून देणारे पत्र पाठवले. ‘शिवण हा हस्तकलेचा नैसर्गिक भाग असल्याने’ ती हमीत येत नाही, असे उत्तर आले. भाषा सौजन्याची होती. त्याच पत्रव्यवहारात मी सात विशेषणांविषयीचे माझे मत आणि हार्ड-वेअरिंग हा पर्यायही कळवला. महिन्याभराने पाहिले तर वर्णन खरोखरच दुरुस्त झाले होते : एव्हरलास्टिंग हा शब्द काढून त्याच्या जागी इटर्नल घातला होता.

ज्यांना हा जोड, किंवा याच घडणीचा दुसरा कोणताही, घ्यायचा असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. पायाला किंचित घट्ट बसेल असाच जोड घ्यावा, कारण कातडे पायाप्रमाणे सैल होते. माझा जोड पंधरा दिवसांत पायाचा झाला आणि आता तो इतर कोणाच्या पायात बसणार नाही. पहिले दोन आठवडे रोज थोडा वेळच घालावा आणि अंगठ्याला व पट्ट्याला आतून तेल लावून ठेवावे. घेताना अंगठ्याची आणि कानांची शिवण उलटी करून पाहावी, दोरा दिसला तर गटई कामगाराकडून आधीच वादीची शिवण घालून घ्यावी. चपला हातात येण्याआधी हे पाहता येत नाही, म्हणून पुढच्या खेपेला मी दुकानातूनच घेईन. जून ते सप्टेंबर पायात रबरी सँडल असावी. १,९५० रुपये ही किंमत तळाच्या कामासाठी वाजवी आहे, वरच्या कामासाठी जास्त आहे. मी पाचपैकी साडेतीन तारे दिले असते, परंतु संकेतस्थळावर अर्धा तारा देता येत नाही, म्हणून वर्णनाचा राग चपलेवर न काढता चार दिले. अभिप्रायाच्या चौकटीत तयार विशेषणांची बटणे होती आणि त्यांतले एकही न दाबता अभिप्राय स्वीकारला जात नव्हता. मी ड्युरेबल दाबले.

जूनमध्ये उजव्या तळाला पडलेली फट गेल्या आठवड्यात आणखी उकलली, म्हणून जोड सध्या चौकातल्या काकांकडे आहे. टाचेला नवीन थर घालायचा की नुसती कड शिवायची हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. गुरुवारी या, म्हणाले.